जिन्याखालचे क्लस्टर

नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरात जिन्याखाली एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे कूलरचा जुना पंप, रंगाचे अर्धे डबे आणि गणपतीच्या मखराचे सामान पडलेले असे. आता तिथे एका लोखंडी रॅकवर तीन मिनी पीसी, आठ पोर्टांचा एक स्विच आणि राउटर आहे, आणि त्या तीन मशीनवर मिळून कुबरनेटीसचे, म्हणजे अनेक संगणक एकत्र बांधून त्यांच्यावर सेवा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, एक लहान क्लस्टर (संगणकांचा गट) चालते. त्यावर घरातल्या सगळ्यांच्या फोनमधली छायाचित्रे इमिचमध्ये साठतात, बाबांची पेन्शनची कागदपत्रे, घरटॅक्सच्या पावत्या आणि शेताचे सातबारे पेपरलेसमध्ये स्कॅन होऊन शोधता येतात, आणि जाहिराती अडवणारा पाय-होल घरभराच्या डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देण्याचे, काम पाहतो. एवढ्या कामासाठी एक मशीन आणि त्यावर अनेक सेवा चालवणारे साधे डॉकर कंपोज पुरले असते, हे मला तेव्हाही माहीत होते आणि आजही कोणी विचारले तर मी तेच सांगते.

तरीही मी हा उद्योग केला, त्याचे कारण नोकरीत आहे. मिहानमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे सगळ्या सेवा कुबरनेटीसवर गेल्या, पण तिथले क्लस्टर क्लाउडवाले सांभाळतात. त्याचा मेंदू, म्हणजे कंट्रोल प्लेन, आमच्या हाताला लागतच नाही. आम्ही मागणीच्या यामल फायली लिहितो, पॉड (सेवा ज्यात चालतात ते कप्पे) उभे राहतात, आणि आत काय घडले ते आम्हाला कळत नाही. गूगलने २०१४ मध्ये हे सॉफ्टवेअर जगासाठी खुले केले, तेव्हापासून त्याचा गाभा एका साध्या कल्पनेवर उभा आहे: काय हवे ते तुम्ही लिहून द्यायचे, आणि प्रत्यक्षात जे आहे ते त्या लेखी मागणीशी जुळेपर्यंत यंत्रणेने खटपट करत राहायचे. ती लेखी मागणी कुठे साठते, ती साठवणारी जागाच बंद पडली तर काय होते आणि एक मशीन मेले तर बाकीची दोन त्याचा निर्णय कसा घेतात, हे मला स्वतःच्या हाताने मोडून पाहायचे होते.

सुरुवात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर केली आणि ती फसली. केथ्रीएस हे रँचर लॅब्सने २०१९ मध्ये आणलेले कुबरनेटीसचे हलके रूप प्रोग्रामच्या एकाच फाइलीत मावते आणि पायवर सहज बसते, पण एकाहून अधिक मुख्य नोड (क्लस्टरमधली मशीन) हवे असतील आणि बाहेर वेगळा डेटाबेस ठेवायचा नसेल तर आतमध्ये एटसीडी, म्हणजे ती लेखी मागणी साठवणारी नोंदवही, चालवावी लागते. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करून मगच पुढे जाते. एसडी कार्डाला असे लहान लहान आणि सतत होणारे लेखन सोसत नाही. नोंदी रेंगाळत, नेता नोड आपण जिवंत असल्याचा ठोका वेळेवर देऊ शकत नसे, उरलेले नोड नवा नेता निवडायला बसत, आणि तिसऱ्या महिन्यात ते कार्ड फक्त वाचता येण्याजोगे उरले. त्यानंतर मी सीताबर्डीतल्या एका दुकानातून कुठल्याशा ऑफिसातून निघालेले, एसएसडी असलेले दोन जुने मिनी पीसी घेतले.

दोन का घेतले, याचे उत्तर फक्त पैसे हेच आहे. पण एटसीडी ज्या राफ्ट पद्धतीने चालते तिच्यात प्रत्येक नोंदीला बहुमत लागते, आणि दोघांचे बहुमत म्हणजे दोघेही. एक बंद पडला की दुसरा जिवंत असूनही काही लिहू शकत नाही. म्हणजे दोन नोडांचे क्लस्टर एका मशीनपेक्षा सुरक्षित तर नसतेच, उलट बिघडायला जागा दुप्पट होतात. हे मी पुस्तकी भाषेत वाचले होते. पण एका संध्याकाळी एका मशीनची वायर काढली आणि क्लस्टरला आज्ञा देणाऱ्या कुबेक्टलला दुसऱ्याकडून उत्तरच येईना, तेव्हा ते अंगात मुरले. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून त्याच लॉटमधला तिसरा डबा आणला. तिन्ही एकसारखे आहेत म्हणून मला तेव्हा आनंदच झाला होता.

उभारणीबद्दल सांगण्यासारखे फार नाही. तिन्हींवर डेबियन लिनक्स घातले, राउटर आपोआप पत्ते वाटतो त्या (डीएचसीपी) टप्प्याबाहेरचे स्थिर पत्ते दिले, पहिल्या नोडवर क्लस्टर सुरू करण्याचा पर्याय देऊन केथ्रीएस चालवले आणि त्याने तयार केलेले टोकन (परवलीची किल्ली) वापरून बाकीचे दोन ६४४३ या पोर्टावरून जोडून घेतले. तासाभरात तिन्ही नोड ‘रेडी’ दिसू लागले. खरे काम साठवणुकीचे होते, कारण कंटेनर, म्हणजे पॉडमधला चालता प्रोग्राम, कुठेही उभा राहू शकतो, पण त्याची माहिती त्याच्यामागे आपोआप जात नाही. त्यासाठी लाँगहॉर्न बसवले, जे प्रत्येक व्हॉल्यूमच्या (माहितीच्या साठ्याच्या) प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवते. छायाचित्रांचा सुमारे दोनशे जीबीचा व्हॉल्यूम दुसऱ्या नोडवर उतरायला पाच तास लागले, तेव्हा दोष मी लाँगहॉर्नला दिला. प्रत्यक्षात एका नोडची जुनी नेटवर्क केबल आतून तुटकी होती. आठपैकी चारच तारा धड असल्याने गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिटवर जोडणी झाली होती, आणि त्या वेगाने सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर काही जात नाही. केबल बदलल्यावर तेच काम जेवण होईपर्यंत आटोपले.

मग मी मोडून पाहण्याच्या कामाला लागले. ज्या नोडवर इमिचचा डेटाबेस चालत होता त्याचीच वायर काढली आणि घड्याळ लावून बसले. साधारण चाळीस सेकंदांनी तो ‘नॉटरेडी’ झाला, पण पॉड जागचे हलेनात. कुबरनेटीस अशा वेळी ठरावीक मुदत म्हणून आणखी पाच मिनिटे थांबते, न जाणो नोड परत येईल म्हणून. पाच मिनिटे संपली, इतर पॉड दुसरीकडे उभे राहिले, पण डेटाबेसचा पॉड ‘टर्मिनेटिंग’ या अवस्थेत अडकून बसला. त्याचे कारण शोधताना पहिल्यांदा मला या यंत्रणेचा स्वभाव कळला. संपर्क तुटलेला नोड खरोखर मेला आहे की फक्त त्याची नेटवर्क केबल निघाली आहे, हे बाकीच्या दोघांना कळायला मार्ग नसतो. तो जिवंत असून त्याच डिस्कवर लिहीत असेल आणि इकडे दुसरा डेटाबेसही त्याच माहितीवर लिहू लागला, तर दोघे मिळून तिचा चुथडा करतील. म्हणून यंत्रणा माहिती सांभाळण्यासाठी सेवा बंद ठेवणे पसंत करते. लाँगहॉर्नमध्ये बंद नोडवरचे अडकलेले पॉड काढून टाकण्याचे धोरण निवडता येते. ते मी विचारपूर्वक चालू केले, कारण माझ्या घरात नोड बंद पडतो तो जवळपास नेहमी वीज गेल्यानेच.

याच काळात पाय-होलचा घोळ झाला. घरातली सगळी उपकरणे डीएनएससाठी पाय-होलकडे पाठवायची, असे मी राउटरवर ठरवून दिले होते आणि नोडसुद्धा त्याच राउटरकडून डीएनएस घेत होते. एकदा स्विच बदलताना तिन्ही मशीन एकदम बंद करून चालू केली. पाय-होलच्या पॉडला त्याची इमेज (प्रोग्रामचा तयार गठ्ठा) इंटरनेटवरून ओढायची होती. इमेजच्या सर्व्हरचा पत्ता विचारायला नोड गेला तो पाय-होलकडेच. आणि पाय-होल तर अजून उभाच राहिला नव्हता. घरात कोणाचेच इंटरनेट चालेना. कोंबडी आधी की अंडे, या जुन्या कोड्याचा असा अनुभव आईच्या मालिकेच्या वेळेला येऊ नये, एवढेच म्हणते. नोडांना बाहेरचे डीएनएस पत्ते थेट लिहून दिले आणि इमेज आधीपासून असेल तर ती पुन्हा ओढू नये, अशी सूचना त्या पॉडला दिली, तेव्हा ते सुटले.

इथवर सगळे सॉफ्टवेअरचे होते. नागपूरचा उन्हाळा यायचा होता.

तोवर रॅक माळ्यावर होता, कारण तिथे तो कोणाच्या पायात येत नव्हता. वरच्या मजल्याच्या स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर मशीन ठेवणे किती मूर्खपणाचे आहे हे नागपुरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागू नये, तरी मला ते लागले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता ओतत राहतो. एप्रिलच्या मध्यात नुसत्या बसून असलेल्या प्रोसेसरचे तापमान ७८ अंश दिसू लागले, आणि इमिच चेहरे ओळखण्याचे काम सुरू करी तेव्हा ते ९५ च्या वर जाऊन प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करी. वेग कमी झाला की एटसीडीच्या नोंदी मागे पडत आणि नोड क्षणभर ‘नॉटरेडी’ होऊन परत येत. मी आधी रॅक कूलरच्या झोतात आणला. तापमान उतरले, पण पाण्याचा कूलर हवा थंड करतो तो ओलावा मिसळून, आणि महिन्याभरात एका मशीनच्या जाळीवर पांढरट थर धरलेला दिसला. बोअरच्या जड पाण्याचा तो क्षार होता. शेवटी खालच्या मजल्यावरचा, तीन बाजूंनी बंद आणि दिवसभर सावलीत असलेला जिन्याखालचा कोनाडा रिकामा केला, समोरच्या दाराला जाळी लावली आणि मागे एक छोटा एक्झॉस्ट बसवला. तिथे भर दुपारीही प्रोसेसर ६५ च्या आसपास राहतो.

त्या कोनाड्यात इन्व्हर्टरची लाइन ओढायला वायरमन आला होता. त्याने तीन मशीन पाहिली, मी उत्साहाने त्याला सांगितले की एक बंद पडले तरी बाकीची दोन काम करतात, आणि तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, पण हे तिन्ही डब्बे तं एकाच बोर्डावर हायेत. एमसीबी पडली तं तिन्हीबी जाते ना.” तोवर मी राफ्ट, बहुमत आणि प्रती यांच्यावर चार महिने घालवले होते, आणि तिन्ही मशीन एकाच स्पाइक गार्डमध्ये खोचलेली होती. त्याने दोन वेगळ्या लाइन ओढून दिल्या. इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘यूपीएस’ बाजूला करून ठेवा, हेही त्यानेच सांगितले. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, पण संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो. यूपीएस मोडचा तोटा असा, की व्होल्टेज थोडे उतरले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरतेच.

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागले आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला. त्यातल्या एका रात्री साडेदहाला मोठा आवाज झाला, गल्ली अंधारली आणि थोड्या वेळाने कोणीतरी बातमी आणली की कोपऱ्यावरची डीपी जळाली. कोराडी आणि खापरखेडा ही वीजकेंद्रे उशाला घेऊन झोपणाऱ्या शहरात अंधारात बसण्याची जी चिडचिड असते, ती इथे लिहीत नाही. इन्व्हर्टरने पंखे आणि क्लस्टर मिळून दीड वाजेपर्यंत ओढले आणि मान टाकली. वीज पहाटे सहाला आली. मशीनच्या बायोसमध्ये वीज येताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय मी लावलेला होता, त्यामुळे तिन्हींचे दिवे लागले. पण क्लस्टर आले नाही.

लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, नोड एकमेकांचे प्रमाणपत्र (ओळखपत्र) नाकारत होते. संदेशाचा अर्थ असा होता, की प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही. मी ‘मुदत संपली आहे’ एवढेच वाचले. केथ्रीएसची आतली प्रमाणपत्रे एका वर्षाची असतात आणि मुदत जवळ आली असताना सेवा पुन्हा सुरू केली की ती आपोआप नवी होतात, हे मला माहीत होते, म्हणून मी तीच दिशा धरली. प्रमाणपत्रे फिरवून पाहिली, सेवा पुन्हा पुन्हा सुरू केल्या, आणि साडेसातपर्यंत मी एका नोडवर क्लस्टर ‘रीसेट’ करून बाकीचे दोन नव्याने जोडण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात लॉगची ओळ आडवी सरकवून शेवटपर्यंत वाचली. तिथे मशीनला वाटणारी आजची तारीख लिहिलेली होती, आणि ती क्लस्टर जन्माला येण्याच्याही आधीची होती. प्रमाणपत्र संपलेले नव्हते. त्या मशीनच्या दृष्टीने ते अजून जन्मायचे होते.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली होती. मशीन भिंतीतल्या विजेला जोडलेले असते तोवर, बंद असले तरी, घड्याळाला वीज मिळत राहते आणि या बॅटरीची गरजच पडत नाही. इन्व्हर्टरसकट सगळे गेले तेव्हाच तिची परीक्षा झाली. आता एका मशीनची बॅटरी संपली असती तर बाकीच्या दोघांनी बहुमत सांभाळले असते. पण दोन मशीनच्या संपल्या होत्या, कारण ती एकाच ऑफिसातून, एकाच लॉटमध्ये, एकाच वयाची आली होती. ज्या सारखेपणाचा मला आनंद झाला होता तो असा वसूल झाला. वेळ इंटरनेटवरून दुरुस्त व्हायला हवी होती, तर परिसरातले फायबरचे यंत्रही अजून विजेविना होते. शिवाय वेळ जुळवणारा डेबियनचा मूळ टाइमसिंक चालू असताना अधूनमधून वेळ फाइलमध्ये ठेवतो आणि सुरू होताना निदान तिथून पुढे मोजतो. मी मात्र अधिक अचूकता हवी म्हणून तो काढून क्रोनी बसवला होता, आणि क्रोनीला तसे करायला मुद्दाम सांगावे लागते. ते मी सांगितले नव्हते.

फोनमध्ये पाहून दोन्ही मशीनवर तारीख हाताने लावली आणि केथ्रीएस सुरू केले. चार मिनिटांत तिन्ही नोड परत आले. लाँगहॉर्नचे दोन व्हॉल्यूम अचानक बंद झाल्याने सदोष दिसत होते, ते त्याने स्वतःच सावरले. आईने साडेआठला फोन उघडला तेव्हा छायाचित्रे होती, त्यामुळे रात्रभर काय झाले ते घरात कोणाला कळले नाही. बाबांना कळले, कारण मी चहाला आले नव्हते.

त्याच दिवशी तिन्ही मशीनच्या बॅटऱ्या बदलल्या, आणि त्या वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या. एक नोड आता घरातल्या बाकीच्यांना वेळ सांगतो, मग इंटरनेट असो वा नसो. इन्व्हर्टर बिचारा संगणकाला काही कळवू शकत नाही, म्हणून एक वेगळी युक्ती केली: एक स्वस्त वायफाय प्लग इन्व्हर्टरच्या बाहेरच्या, थेट लाइनवर लावून ठेवला. वीज गेली की तो नेटवर्कवरून नाहीसा होतो. राउटर उत्तर देतो आहे पण प्लग चाळीस मिनिटे गायब आहे, असे दिसले की एक छोटी स्क्रिप्ट पॉड आवरून नोड एकेक करून नीट बंद करते. राउटरची अट मुद्दाम घातली आहे, नाहीतर राउटर बिघडल्यावर सगळे घर बंद करण्याचा पराक्रमही तिने केला असता.

एटसीडीची प्रत केथ्रीएस दर बारा तासांनी स्वतः काढते आणि शेवटच्या पाच ठेवते, पण त्याच डिस्कवर. ती आणि लाँगहॉर्नचे बॅकअप आता रात्री अमरावतीला बहिणीच्या घरी ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर जातात. दोन्हीकडे इंटरनेट पुरवठादार सीजीनॅटमागे ठेवतात, म्हणजे बाहेरून थेट पत्ता मिळत नाही. म्हणून दोघांनाही एका स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्डने, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीने, भेटवावे लागले. सोबत क्लस्टरचे टोकनही एका कागदावर लिहून बहिणीकडे दिले आहे, कारण एटसीडीची प्रत असूनही ते टोकन नसेल तर ती परत बसवता येत नाही. तिने तो कागद देवघरातल्या पोथीत ठेवला आहे.

प्लग मीटरवर हा सगळा पसारा ४२ वॅट दाखवतो, म्हणजे महिन्याला सुमारे ३० युनिट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिठ्ठी टाकून एका नोडची वायर काढते. रॅकच्या शेजारी एक वही टांगली आहे, तिच्यात तिन्ही मशीनमध्ये अजून काय काय सामायिक उरले आहे त्याची नोंद ठेवते. केबल, बोर्ड, बॅटऱ्या आणि डीएनएस यांच्यावर काट मारली आहे. स्विच एकच आहे, इन्व्हर्टर एकच आहे, आणि तिन्ही एसएसडी त्याच लॉटच्या आहेत; त्यातली एक दिवाळीनंतर बदलायची आहे.